युरोपात रेल्वेने जाताना वाटेत उतरण्याजोगे गाव कसे निवडावे

फ्रँकफर्टहून व्हिएन्नाला थेट जाणाऱ्या जलद गाडीला साधारण साडेसहा तास लागतात, आणि बहुतेक भारतीय प्रवासी सकाळी त्या गाडीत बसून दुपारी व्हिएन्नातच उतरतात. मात्र याच गाडीच्या वाटेवर वुर्त्सबुर्ग, न्यूर्नबर्ग, रेगेन्सबुर्ग, पासाऊ आणि लिंझ ही शहरे लागतात. यांपैकी एखाद्या शहरात चार-पाच तास उतरून, जुना चौक, नदी आणि एखादे चर्च किंवा राजवाडा पाहून त्याच दिवशी पुढच्या गाडीने व्हिएन्नाला मुक्कामाला पोहोचता येते. त्यासाठी हॉटेलचे वेगळे भाडे पडत नाही आणि वाटही वाकडी करावी लागत नाही. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या तिकिटावर ‘ब्रेक जर्नी’ घेऊन मधल्या गावी उतरण्याची सोय जुन्या प्रवाशांना चांगली ठाऊक आहे. युरोपात ही सोय अधिक सहज मिळते, परंतु कोणत्या गावी उतरावे याचा विचार तेथे अधिक काळजीपूर्वक करावा लागतो.

गाव निवडताना बहुतेकजण छायाचित्रांपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात स्थानकापासून करावी. ज्या गावात चार दिवस राहायचे आहे, त्याचे स्थानक कोठेही असले तरी फारसे बिघडत नाही. जेथे आपल्या हाती चारच तास आहेत, तेथे मात्र स्थानक जुन्या गावापासून किती अंतरावर आहे, तेथे सामान ठेवता येते का आणि पुढची गाडी किती वेळाने आहे, या तीन प्रश्नांवरच सगळे अवलंबून असते. गाव किती प्रसिद्ध आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

पहिली पायरी: हातातला खरा वेळ मोजावा

वेळापत्रकात दोन गाड्यांमध्ये तीन तासांचे अंतर दिसले, म्हणजे गावात फिरायला तीन तास मिळाले असे होत नाही. गाडीतून उतरून लॉकर शोधण्यात आणि त्यात सामान बसवण्यात वीस मिनिटे जातात. स्थानकापासून चौकापर्यंत जाताना पंधरा मिनिटे आणि येताना तितकीच लागतात. सामान परत काढायला दहा मिनिटे धरावीत आणि गाडी सुटण्याच्या निदान पंधरा मिनिटे आधी फलाटावर असावे. उरतात ते पावणेदोन तास. पहिली गाडी अर्धा तास उशिरा आली, तर सव्वाच तास.

उशिराची ही शंका उगाच घेतलेली नाही. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ साली जेमतेम ६२ टक्के गाड्या वेळेवर धावल्या, आणि तेथे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर हा ‘वेळेवर’ म्हणूनच मोजला जातो. तेव्हा तीन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर उतरू नये. चार ते पाच तास हा सर्वांत सोयीचा थांबा असून, बरोबर ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले असतील तर पाचच धरावेत. त्याहून अधिक वेळ हवासा वाटू लागला, की ते गाव एका रात्रीच्या मुक्कामाचे आहे असे समजून तसेच आरक्षण करणे बरे.

दुसरी पायरी: नकाशावर स्थानक आणि जुने गाव यांतले अंतर पाहावे

युरोपात रेल्वे आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्या वेळी अनेक शहरांभोवती तटबंदी शाबूत होती किंवा नुकतीच पाडली जात होती. त्यामुळे स्थानके सहसा तटाच्या बाहेर, त्या काळच्या मोकळ्या जागेत बांधली गेली. आज त्या जागांच्या पलीकडेही शहर पसरले आहे, परंतु स्थानकापासून जुन्या गावाची वेस दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर असते, हे गणित पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. न्यूर्नबर्गला तर स्थानकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर तटाचा बुरूजच उभा असतो. जर्मन गावांत ‘आल्टश्टाट’ आणि इटलीत ‘चेन्ट्रो’ असे लिहिलेल्या पाट्यांमागे चालत राहिले, की बहुधा नकाशाचीही गरज पडत नाही.

कोलोन हा या नियमाला मोठा अपवाद आहे. तेथे १८५९ साली स्थानक मुद्दाम गावाच्या मध्यावर, कॅथेड्रलला खेटून उभारण्यात आले. मुख्य दारातून बाहेर पडताच १५७ मीटर उंचीची ती काळवंडलेली शिखरे अंगावर आल्यासारखी वाटतात. १२४८ साली पाया घातलेली ही इमारत १८८० साली पूर्ण झाली, म्हणजे स्थानक आले तेव्हा कॅथेड्रल अजून अर्धवटच होते. दक्षिणेकडच्या मनोऱ्याला ५३३ पायऱ्या असून, उद्वाहक नाही, हे गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. अवघे दोन-अडीच तासच हाताशी आहेत अशा वेळी उतरण्याजोगे गाव विचारले, तर निदान तीन तासांचा वर सांगितलेला नियम मोडून मी कोलोनचेच नाव घेईन.

स्वित्झर्लंडमधल्या लुझर्नला स्थानक थेट सरोवराच्या काठावर आहे आणि चौदाव्या शतकातला लाकडी कापेलब्रुक पूल चार-पाच मिनिटांवर आहे. १९९३ साली या पुलाचा मोठा भाग आगीत गेला आणि पुढच्याच वर्षी तो पुन्हा बांधून खुला झाला, त्यामुळे छताखालच्या काही चौकटी आजही जळक्या किंवा रिकाम्या दिसतात. बर्नला तर स्थानकातून बाहेर आले की जुने गाव सुरू होते. ही दोन्ही शहरे पहिल्यांदा जाणाऱ्याने डोळे मिटून निवडावीत अशी आहेत.

आता उलट बाजू पाहू. अतिजलद गाड्यांचे नवे मार्ग शहरे टाळून बांधले गेले, त्यामुळे त्यांवरची काही स्थानके गावापासून दूर, शेतात उभी आहेत. फ्रान्समधील आव्हीन्याँच्या नावावर दोन स्थानके आहेत. अतिजलद गाड्यांचे स्थानक गावाबाहेर असून, तेथून छोट्या गाडीने पाच-सहा मिनिटांत तटाला लागून असलेल्या जुन्या स्थानकावर जावे लागते. हे आधी माहीत असेल तर काही बिघडत नाही. एक्स-आं-प्रोव्हाँसचे अतिजलद स्थानक मात्र इतके लांब आहे की चार तासांतला एक तास बसमध्येच जातो. स्पेनमधल्या सेगोव्हियाचीही गत तशीच आहे. पिसाला याच्या उलट घडते: मुख्य स्थानकापासून झुकत्या मनोऱ्यापर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तर ‘पिसा सान रोस्सोरे’ नावाच्या लहान स्थानकापासून अवघी पाच-सात. परंतु त्या लहान स्थानकावर सामान ठेवण्याची सोय नाही.

केवळ अंतर पाहूनही भागत नाही, चढ-उतारही पाहावा. रोम आणि फ्लॉरेन्स यांच्या मधले ओर्व्हिएतो हे गाव उंच कड्यावर आहे आणि स्थानक पायथ्याशी आहे. नकाशावर दोन्ही चिकटलेली दिसतात. सुदैवाने स्थानकासमोरूनच दोरखंडाने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे वर जाते, म्हणून हा थांबा जमतो. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटचे स्थानक तर सरोवराच्या दुसऱ्या काठावर असून, प्रत्येक गाडीनंतर होडीने पलीकडे जावे लागते. ते गाव सुंदर आहे, परंतु वाटेत थांबण्यासाठी निवडण्याजोगे नाही.

मोठ्या स्थानकांच्या आतही वेळ जातो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. अँटवर्पच्या १९०५ सालच्या देखण्या स्थानकात फलाट तीन पातळ्यांवर आहेत. बोलोन्यात अतिजलद गाड्या जमिनीखाली खोल थांबतात आणि तेथून रस्त्यावर येईपर्यंत सात-आठ मिनिटे सहज जातात. तरीही बोलोन्या माझ्या यादीत वरच्या जागी आहे, कारण स्थानकाजवळून निघणारा व्हिया देल्लिन्दिपेन्देन्झा हा रस्ता वीस मिनिटांत थेट मुख्य चौकात नेतो आणि त्या संपूर्ण वाटेवर डोक्यावर कमानीदार ओसऱ्यांचे छत असते. शहरात अशा ओसऱ्या एकूण ६२ किलोमीटर असून, २०२१ साली त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पावसाच्या दिवशी मधला थांबा रद्द करावा लागत नाही अशी जी मोजकी शहरे आहेत, त्यांत हे एक. स्थानकातून निघण्यापूर्वी बाहेरच्या भिंतीवरचे घड्याळ पाहावे. ते दहा वाजून पंचवीस मिनिटांवर थांबवून ठेवले आहे. २ ऑगस्ट १९८० रोजी त्याच वेळी तेथे झालेल्या बॉम्बस्फोटात ८५ माणसे मृत्युमुखी पडली.

तिसरी पायरी: पुढची गाडी किती वेळाने आहे ते तपासावे

वाटेवरचे गाव आणि वाट वाकडी करून जाण्याचे गाव, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोलेडो पाहण्यासाठी माद्रिदहून जाऊन पुन्हा माद्रिदलाच यावे लागते, म्हणून तो एका दिवसाचा स्वतंत्र प्रवास ठरतो. जर्मनीतल्या रोथेनबुर्गसाठी आधी मुख्य मार्ग सोडून श्टाइनाख नावाच्या लहान स्थानकावर गाडी बदलावी लागते. छायाचित्रे कितीही मोहात पाडोत, पहिल्या खेपेला रोथेनबुर्गचा बेत टाळलेलाच बरा.

जे गाव खरोखर वाटेवर आहे, तेथे आपल्या पुढच्या दिशेने दर तासाला, निदान दर दोन तासांनी गाडी असावी. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून देशभर ठरावीक मिनिटाला गाडी सुटण्याची पद्धत आहे, त्यामुळे एक गाडी चुकली तरी पुढची त्याच मिनिटाला, तासाभराने किंवा अर्ध्या तासाने मिळते. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स आणि बेल्जियम येथेही साधारण असेच आहे. फ्रान्समध्ये मात्र मध्यम आकाराच्या शहरांत सकाळी तीन गाड्या आणि मग दुपारपर्यंत एकही नाही, असे चित्र दिसते. तेथे आधी गाड्यांच्या वेळा पाहून मग गाव ठरवावे.

दिवसाच्या शेवटच्या गाडीवर बेत कधीही आखू नये. आपली गाडी चुकली तर तिच्यानंतर निदान आणखी एक गाडी मुक्कामापर्यंत नेणारी असली पाहिजे. प्रवासाच्या नेमक्या तारखेचे वेळापत्रक पाहणेही तितकेच आवश्यक आहे, कारण जर्मनीत सध्या काही मार्ग दुरुस्तीसाठी महिनोन्महिने पूर्ण बंद ठेवले जातात. फ्रँकफर्ट आणि मानहाइम यांच्यामधला मार्ग २०२४ साली जुलैच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत असाच बंद होता.

चौथी पायरी: सामानाची सोय

चौघांचे कुटुंब आणि प्रत्येकाची तेवीस किलोची बॅग, असा लवाजमा असेल तर हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथे बहुतेक मोठ्या आणि मध्यम स्थानकांत लॉकर असतात, परंतु मोठ्या आकाराचे लॉकर थोडे असतात आणि उन्हाळ्यातल्या किंवा नाताळच्या बाजाराच्या शनिवारी ते अकरा वाजेपर्यंत भरून जातात. काही जुने लॉकर केवळ नाणी घेतात, म्हणून एक आणि दोन युरोची नाणी जवळ ठेवावीत. कोलोनला वेगळीच पद्धत आहे: भिंतीतल्या कप्प्यात बॅग ठेवून पैसे भरले की दार बंद होते, सामान जमिनीखालच्या कोठारात जाते आणि कार्ड परत घातले की काही मिनिटांत बॅग वर येते. इटलीत मोठ्या स्थानकांवर माणसांनी चालवलेली सामानघरे असतात, त्यांचे दर तासांवर असतात आणि रात्री ती बंद होतात. फ्रान्स आणि स्पेनमध्ये सामान यंत्रातून तपासून मगच ठेवून घेतात, आणि फ्रान्सच्या लहान स्थानकांत तर ही सोय बहुधा नसतेच.

पासपोर्ट लॉकरमध्ये ठेवू नये. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, एका देशातून दुसऱ्या देशात जाताना सहसा तपासणी होत नसली, तरी जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली आणि गाडीतही पोलीस कागदपत्रे मागतात. शिवाय लंडनहून निघणार असाल तर ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नाही आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहे, हे लक्षात असू द्यावे.

पाचवी पायरी: थांब्याला परवानगी देणारे तिकीट घ्यावे

येथे नवखे प्रवासी सर्वाधिक गोंधळतात, कारण प्रत्येक देशाचा नियम निराळा आहे.

जर्मन रेल्वेचे स्वस्त तिकीट ठरलेल्या गाडीशीच बांधलेले असते. त्या तिकिटावर मध्येच मनाने उतरून नंतरच्या गाडीत बसता येत नाही. परंतु तिकीट काढतानाच, शोधाच्या पर्यायांत मधले स्थानक आणि तेथे थांबण्याचा अवधी भरण्याची सोय असते. जास्तीत जास्त दोन स्थानके आणि प्रत्येक ठिकाणी ४८ तासांपर्यंतचा अवधी मागता येतो. असे केले की दोन तुकड्यांची स्वतंत्र तिकिटे न काढता संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट मिळते, आणि ते बहुतेक वेळा स्वस्त पडते. याचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची गाडी चुकली, तर एकच तिकीट असल्यामुळे नंतरच्या गाडीने जाण्याचा हक्क राहतो. दोन स्वतंत्र तिकिटे असतील तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कोणी घेत नाही.

स्वित्झर्लंडमधले साधे तिकीट त्या दिवसभर त्या मार्गावर चालते, त्यामुळे वाटेत कोठेही उतरावे आणि पुन्हा बसावे. फ्रान्सच्या आणि इटलीच्या अतिजलद गाड्यांची तिकिटे एका गाडीपुरतीच असल्याने तेथे दोन तिकिटे घेण्यावाचून पर्याय नाही. अशा वेळी पहिला टप्पा अतिजलद गाडीने आणि दुसरा प्रादेशिक गाडीने करता आला तर उत्तम. इटलीत प्रादेशिक गाडीचे भाडे अंतरावर ठरलेले असते, ते आयत्या वेळी वाढत नाही, आणि त्यामुळे परतण्याची घाई राहत नाही. मात्र कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात उमटवून घ्यावे आणि मोबाइलवरचे तिकीट गाडीत बसण्यापूर्वी ‘चेक-इन’ करावे, अन्यथा दंड भरावा लागतो.

दोन-तीन आठवड्यांत अनेक शहरे पाहायची असतील तर पासचा विचार करावा. भारतात राहणाऱ्यांसाठी ‘युरेल’ आणि युरोपात राहणाऱ्यांसाठी ‘इंटररेल’ असे त्याचे दोन प्रकार आहेत. येथे नागरिकत्व पाहिले जात नाही, राहण्याचे ठिकाण पाहिले जाते, म्हणून म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी माणसाने इंटररेल घ्यावा. ठरावीक दिवसांच्या पासवर एक दिवस मध्यरात्री बारापासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत मोजतात आणि त्या दिवसात कितीही गाड्या बदलता येतात. मधल्या थांब्यांसाठी याहून सोयीचे काही नाही, परंतु फ्रान्स, इटली आणि स्पेन येथील अतिजलद गाड्यांना आणि युरोस्टारला पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. एका थांब्यामुळे एकाची दोन आरक्षणे होतात, हा खर्च हिशेबात धरावा.

जर्मनीत राहणाऱ्यांकडे देशभरच्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांत चालणारे महिन्याचे डॉइचलांड तिकीट बहुधा असतेच. ते अतिजलद गाड्यांत चालत नाही. पाचजणांपर्यंतच्या गटाला बायर्न तिकीट परवडते. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊपासून ते बव्हेरियातल्या सर्व प्रादेशिक गाड्यांत चालते आणि साल्झबुर्ग स्थानकापर्यंतही नेते.

सहावी पायरी: वार आणि ऋतू

रविवारी जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथे दुकाने बंद असतात, मात्र संग्रहालये आणि स्थानकातील दुकाने उघडी असतात. पुष्कळ संग्रहालये सोमवारी बंद ठेवतात, तर फ्रान्समध्ये अनेक सरकारी संग्रहालयांची सुट्टी मंगळवारी असते. इटलीत दुपारी बारा ते तीनच्या सुमारास लहान चर्चना कुलूप असते, तेव्हा नेमका हाच वेळ थांब्याचा ठरवू नये. डिसेंबरमध्ये कोलोनला दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये रात्री पावणेदहाच्या सुमारास. हिवाळ्यात सकाळचा थांबा घ्यावा आणि उन्हाळ्यात दुपारचाही चालेल. व्हेनिसला २०२४ पासून काही ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून शुल्क घेतले जाते. तसेही त्या शहराला चार तासांत उरकू नये.

शाकाहारी मंडळींसाठी स्थानकातली बेकरी हाच खरा आधार आहे. बेल्जियममध्ये बटाट्याच्या फ्राइज परंपरेने गोवंशाच्या चरबीत तळतात, त्यामुळे घेण्यापूर्वी विचारावे. अँटवर्पला मात्र अडचण येऊ नये, कारण स्थानकाला लागूनच हिऱ्यांची बाजारपेठ आहे, तेथे भारतीय, विशेषतः गुजराती जैन व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत, आणि त्या परिसरात शाकाहारी जेवण मिळते.

नमुना: फ्रँकफर्ट ते व्हिएन्ना

आता या सर्व कसोट्या सुरुवातीच्या मार्गाला लावून पाहू. या मार्गावर थेट गाडी साधारण दर दोन तासांनी असते. एका दिवसात एकच थांबा घ्यायचा, ही अट मी घालेन, कारण दोन थांबे घेतले की दोनदा लॉकर, दोनदा धावपळ आणि दोन्ही गावांची सरमिसळ होते.

वुर्त्सबुर्ग फ्रँकफर्टपासून सव्वा तासावर आहे. स्थानकापासून पंधरा मिनिटांवर १७२० साली बांधायला घेतलेला राजवाडा आहे, आणि त्याच्या जिन्यावर पाहण्यासारखे एकच छत आहे, पण ते एकच पुरे. बाल्थाझार नॉयमान या वास्तुविशारदाने मध्ये एकही खांब न देता ही प्रचंड कमान पेलली, आणि १७५२-५३ मध्ये व्हेनिसचा चित्रकार तिएपोलो याने तिच्यावर चार खंडांची चित्रे रंगवली. पायऱ्या चढताना पहिल्या टप्प्यावर एकच खंड दिसते, मग वळले की उरलेली तीन एकेक करून उघडत जातात. १६ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शहर जवळजवळ बेचिराख झाले, तरी ही कमान तगली. मुंबईहून रात्री निघालेले विमान फ्रँकफर्टला सकाळी उतरते; त्या दिवशी थेट व्हिएन्ना गाठण्याऐवजी वुर्त्सबुर्गलाच मुक्काम करणे शहाणपणाचे. जागरणाच्या डोळ्यांनी चार तासांचा थांबा घेऊ नये.

न्यूर्नबर्गचे स्थानक आदर्श जागी असले तरी शहर मोठे आहे, किल्ला चढावर आहे, आणि नाझी नेत्यांवरच्या युद्धखटल्यांचे न्यायालय व नाझी पक्षमेळाव्यांचे मैदान परस्परांपासून लांब आहेत. म्हणून ते येथे सोडून देतो. लिंझ व्हिएन्नाच्या इतके जवळ आहे की तेथे उतरण्याऐवजी सरळ पुढे जावेसे वाटते.

उरतात रेगेन्सबुर्ग आणि पासाऊ. रेगेन्सबुर्ग जवळजवळ मध्यावर पडते. स्थानकासमोरचा माक्सिमिलियानश्ट्रासे पंधरा मिनिटांत कॅथेड्रलजवळ नेतो, आणि तेथून पाच मिनिटांवर बाराव्या शतकातला दगडी पूल आहे. पुलाच्या मध्यावर जाऊन मागे वळून गावाकडे पाहावे. २००६ साली जागतिक वारसा ठरलेल्या या जुन्या गावाचे सर्वांत चांगले दर्शन तेथूनच घडते. चार तास येथे पुरेसे होतात.

पासाऊला मात्र मी पाच तास देईन. स्थानकापासून कॅथेड्रल पंधरा मिनिटांवर आणि त्यापुढे तीन नद्यांच्या संगमाचे टोक आणखी पंधरा मिनिटांवर आहे. एका बाजूने हिमनद्यांचे फिकट हिरवट-राखाडी पाणी घेऊन इन येते, दुसऱ्या बाजूने दलदलीतून आलेली काळसर इल्झ, आणि मध्ये डॅन्यूब. काही अंतर हे पाणी न मिसळता शेजारी-शेजारी वाहताना दिसते. टोकाकडे जाताना वाटेत नगरभवनाच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा पाहाव्यात. २०१३ साली पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढले होते. ती खूण उभ्या माणसाच्या डोक्याच्या बरीच वर आहे, आणि तिच्याही वर फक्त १५०१ ची आहे. या मार्गाच्या न्यूर्नबर्ग ते पासाऊ टप्प्यावर २०२६ साली मोठी दुरुस्ती आखलेली असल्याने, त्या वर्षीच्या प्रवासासाठी तारखेनुसार गाड्या पाहूनच निर्णय घ्यावा.

याच पद्धतीने म्युनिक ते व्हेरोना हा ब्रेनर घाटाचा मार्ग तपासला, तर इन्सब्रुक आणि बोल्झानो ही दोन नावे वर येतात. बोल्झानोला स्थानकापासून मुख्य चौक पाच मिनिटांवर आणि संग्रहालय दहा-बारा मिनिटांवर आहे. १९९१ साली हिमनदीत सापडलेला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा ‘ओत्झी’ नावाचा गोठलेला मानवी देह तेथे शीतकक्षात ठेवलेला असून, एका छोट्या काचेच्या खिडकीतून तो पाहता येतो. तिकीट आधी काढलेले असावे.

प्रत्यक्ष त्या दिवशी

गाडीतून उतरल्यावर आधी सुटणाऱ्या गाड्यांचा फलक पाहावा आणि आपल्या पुढच्या गाडीचा क्रमांक, फलाट आणि तिचे अंतिम स्थानक मोबाइलवर टिपून घ्यावे. नावांकडे विशेष लक्ष द्यावे. इटलीत म्युनिकला ‘मोनाको’ म्हणतात, आणि बेल्जियमच्या डच भाषक भागात फलकावर लीलऐवजी ‘रेइसेल’ आणि मोन्सऐवजी ‘बेर्गन’ असे लिहिलेले असते. काही गाड्यांचे डबे वाटेत दोन भागांत विभागले जातात, म्हणून केवळ गाडी योग्य असून भागत नाही, डब्यावरचे अंतिम स्थानकही वाचावे. पहिली गाडी तासाभरापेक्षा अधिक उशिरा धावत असल्याचे गाडीतच कळले, आणि मूळ थांबा चार तासांचाच असेल, तर उतरण्याचा हट्ट धरू नये. तिकीट तपासनिसाला विचारावे. उशिरामुळे गाडीचे बंधन उठले असेल तर त्याच गाडीत बसून थेट मुक्कामाला जावे आणि तिकिटावरच्या वेळेपेक्षा मुक्कामी पोहोचायला साठ मिनिटांपेक्षा अधिक उशीर झाल्यास भाड्याच्या २५ टक्के, तर दोन तासांपेक्षा अधिक झाल्यास ५० टक्के भरपाईचा अर्ज करावा.